नवीन एअर पिस्तुलाच्या साइट्स: काय आधी, काय नंतर आणि स्क्रूला हात कधी लावायचा

नवीन एअर पिस्तूल हातात आलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सिलिंडर लावला, पाच पेलेट (छर्रे) मारले, सगळे डावीकडे खाली गेले, लगेच बॉक्समधली अ‍ॅलन की काढली आणि स्क्रू फिरवायला सुरुवात. दुसऱ्या दिवशी ग्रुप, म्हणजे एकत्र पडलेले शॉट, उजवीकडे वर, परत स्क्रू. मग थोड्या दिवसांनी विचारणा येते की पिस्तूल खराब आलंय वाटतं, परत पाठवू का. पिस्तूल खराब नसतं हो, क्रम चुकलेला असतो. क्लिक (साइटच्या स्क्रूचा एकेक टप्पा) फिरवणं हे सगळ्यात शेवटचं काम, त्याच्या आधी ग्रिप, चष्मा, फ्रंट साइटची (नळीच्या टोकाकडच्या पट्टीची, म्हणजे ब्लेडची) रुंदी, मागचा नॉच (मागच्या म्हणजे रिअर साइटमधली खाच) आणि लाईट एवढं सगळं जागेवर बसायला लागतं, नाहीतर आज केलेलं झिरो (नीट नेम धरला की शॉट मध्यावर पडेल अशी साइट जुळवणं) उद्या टिकत नाही.

हे सगळं ४.५ मिमीच्या, सिलिंडरवर चालणाऱ्या दहा मीटरच्या मॅच पिस्तुलासाठी आहे, म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ असलं काही. स्प्रिंगवालं प्रॅक्टिसचं पिस्तूल असेल तर ब्लेड बदलायची सोय फारशी नसते, पण दिशा आणि क्लिकचं गणित तेच लागतं. आणि रेड डॉट, लेझर, आरसा असलं काही बसवायचा विचार असेल तर सोडा, मॅचमध्ये फक्त उघड्या साइट्स चालतात.

## १. सामान जमवा, पिस्तूल रिकामं करा

सामान फार लागत नाही. पिस्तुलाबरोबर आलेल्या अ‍ॅलन की, एक बरोबर मापाचा छोटा स्क्रूड्रायव्हर, व्हर्नियर कॅलिपर (साधा डिजिटल चालतो), पांढरा सुती कपडा, स्पिरिट, एक वही. मापाच्या बाबतीत एकच सांगतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा अ‍ॅलन कीचा स्वस्त सेट सायकलला ठीक आहे, साइटच्या स्क्रूला नाही, कारण त्याची टोकं थोडी गोल असतात आणि साइटच्या एवढ्याशा स्क्रूचं डोकं एकदा घासलं की तो बाहेर काढायला ड्रिलवाला शोधत फिरावं लागतं.

आता सेफ्टी. बोल्ट उघडा, आत पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) नळीतून आरपार घाला आणि सिलिंडर काढून बाजूला ठेवा. सिलिंडरमध्ये भरलेला असताना २०० बारपर्यंत हवा असते, साइटचं काम करताना तो पिस्तुलावर असायचं काहीच कारण नाही. सिलिंडर काढल्यावरही आत एखाद्या शॉटपुरती हवा राहू शकते, म्हणून नळी कायम मोकळ्या, माणसं नसलेल्या बाजूला.

तपासा: टेबलावर पेलेटचा डबा आहे का? असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवून या. घरात पोरं असतील तर दार लावा.

## २. आधी ग्रिप, मग डोळा

इथेच सगळे घाई करतात. लाकडी ग्रिपचा कोन किंवा हाताखालची शेल्फ (तळहात टेकतो ती फळी) थोडी जरी हलवली तरी मनगट वेगळ्या जागी लॉक होतं आणि साइट्स आपोआप जुळायच्या बंद होतात. म्हणजे तुम्ही आज साइट सेट केली आणि पुढच्या रविवारी ग्रिपला पॉलिश पेपर मारला तर सगळं पाण्यात.

चाचणी सोपी आहे. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा, पिस्तूल उचला, डोळे मिटा, एक श्वास घ्या, सोडा, हात नेहमीच्या उंचीवर आणा, डोळे उघडा. फ्रंट साइट नॉचच्या मधोमध दिसली पाहिजे. ती दर वेळी डावीकडे चिकटलेली दिसत असेल तर गडबड ग्रिपमध्ये आहे, साइटमध्ये नाही. ग्रिपचे अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू थोडे थोडे फिरवत हे जमेपर्यंत करा. एका बैठकीत जमणार नाही, हात दमला की मनगट खोटं बोलायला लागतं, म्हणून सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं.

मग डोळा. फोकस फ्रंट साइटवर, टार्गेट धूसर, हे कोच लोक सांगून सांगून थकलेत. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते. चाळिशी उलटलेल्यांना ती लांबच्या चष्म्यातून धूसर दिसते आणि वाचायच्या चष्म्यातूनही धूसरच दिसते, त्यांनी लांबच्या नंबरवर साधारण +०.५० ते +०.७५ ची काच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लावून बघायची, आणि ते साइट बदलायच्या *आधी*. चष्मा बदलला की साइट पिक्चर बदलतं. दुसरा डोळा मिटून घेऊ नका, कपाळावर ताण येतो, ब्लाइंडर (त्या डोळ्यासमोरची झाकणी) लावा, त्याची रुंदी ३० मिमीच्या वर नको.

## ३. फ्रंट साइट किती रुंद हवी

कारखान्यातून पिस्तूल येतं ते मधल्या मापाच्या ब्लेडवर, बहुधा साडेचार मिमीच्या आसपास. ते तुम्हाला बरोबर असेलच असं नाही आणि चूक असेलच असंही नाही. आधी गणित बघू, फक्त त्रैराशिक आहे.

टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिमीचा, अंतर १० मीटर. एक मीटरवर धरलेली ५.९५ मिमीची पट्टी तेवढीच रुंद दिसेल. म्हणजे साडेचारची ब्लेड काळ्यापेक्षा स्पष्टपणे अरुंद दिसणार, पाचची जवळ येणार. हात लांब असलेल्या माणसाला तीच ब्लेड अजून बारीक दिसते, म्हणून उंच पोराचं माप बुटक्या पोराला लावू नका.

कुठली घ्यायची? माझं मत असं की नवीन शूटरने थोडी रुंदच घ्यावी. बारीक ब्लेड कोपऱ्यात हरवते, डोळा तिला शोधत बसतो आणि त्या नादात ट्रिगर राहून जातो. अनुभवी लोक बारीक घेतात कारण त्यांचा हात तेवढा स्थिर असतो, त्यांचं बघून आपण घ्यायची गरज नाही.

आता नॉच. फ्रंटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची जी फट दिसते ती सारखी ठेवणं हेच तर नेम धरणं आहे. समजा रिअर साइट डोळ्यापासून ६७ सेंमीवर आणि फ्रंट एक मीटरवर, तर साडेचार मिमीची फ्रंट नॉचच्या जागी सुमारे ३ मिमीची दिसेल. नॉच ४ मिमी ठेवला तर दोन्हीकडे अर्धा अर्धा मिमी उजेड. सुरुवात इथून करा. फट खूप कमी ठेवली की सगळं काळंभोर दिसतं आणि डोळा पटकन थकतो, खूप जास्त ठेवली की थोडं डावं-उजवं झालेलं कळतच नाही.

खोलीचं थोडक्यात: फ्रंटच्या खाली नॉचचा तळ स्पष्ट दिसायला हवा पण फ्रंटचं बूड दिसायला नको.

थांबा: रुंदी आणि नॉच ठरवताना एकही पेलेट मारायचा नाही. सगळं कोऱ्या भिंतीवर, ड्राय फायर मोडमध्ये (पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबून). टार्गेट समोर असलं की डोळा तिकडे पळतो.

## ४. ब्लेड प्रत्यक्ष बदलताना

काही पिस्तुलांत फ्रंट साइट फिरवली की दुसरी रुंदी समोर येते, काहींत वेगळी ब्लेड लावावी लागते. आपल्यात कुठला प्रकार आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, जबरदस्तीने ओढू नका.

१) पिस्तूल मऊ कपड्यावर ठेवा, कडेला पांढरा कपडा पसरा, कारण स्क्रू पडला की फरशीवर दिसत नाही.

२) जुनी ब्लेड काढण्याआधी मोबाईलवर बाजूने आणि मागून फोटो काढा. पुढे-मागे कशी होती ते नंतर हमखास विसरतं.

३) स्क्रू सोडवताना की पूर्ण आत बसली आहे ना बघा, अंगठ्याने वरून दाब देत फिरवा.

४) खाच स्पिरिटने पुसा. कारखान्याचं तेल तसंच राहिलं तर नवीन ब्लेड घट्ट केली तरी हळूहळू सरकते.

५) नवीन ब्लेड शेवटपर्यंत बसवा, मग बोटाने हलवून बघा, मग स्क्रू. घट्ट करताना चिमटीत की धरून जेवढं फिरेल तेवढंच. पूर्ण मूठ वापरली की आटे गेले.

६) मागून बघा. ब्लेडची मागची कड सरळ उभी आहे का, वरची कड आडवी आहे का. ब्लेड तिरकी बसली तर तुम्ही नकळत मनगट फिरवून ती सरळ करता आणि ग्रुप बाजूला जातो.

थ्रेड लॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावायचा असेल तर झिरो पूर्ण झाल्यावर, हलक्या ताकदीचा, सुईच्या टोकावर येईल तेवढाच. लाल रंगाचा कडक प्रकार अजिबात नाही.

मागची साइट पुढे-मागे सरकवता येत असेल तर एक लक्षात ठेवा: दोन साइट्समधलं अंतर वाढवलं की चूक बारकाईने दिसते, कमी केलं की हात स्थिर असल्यासारखा वाटतो. जे ठेवाल ते ठेवा, पण ठरवून मोजून वहीत लिहा, कारण हे अंतर बदललं की प्रत्येक क्लिकची किंमत बदलते.

## ५. चमक मारा

ब्लेडच्या एका कडेवर उजेड पडला की ती कड डोळ्याला दिसेनाशी होते आणि तुम्ही उरलेल्या काळ्या भागाचा मध्य धरता. मार (शॉट पडतो ती जागा) लगेच सरकतो. आमच्याकडे घराच्या व्हरांड्यात प्रॅक्टिस करणाऱ्यांचं हे नेहमीचं, सकाळी ग्रुप एकीकडे, संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून आत आलं की दुसरीकडे, आणि बिचारे रोज क्लिक फिरवत बसतात.

उपाय दोन. एक, मॅट काळा साइट ब्लॅक स्प्रे. दुसरा जुना उपाय म्हणजे कापराची काजळी. धातूची ब्लेड पिस्तुलावरून *काढून*, चिमट्यात धरून, पेटलेल्या कापराच्या धुरात क्षणभर धरायची, मखमलीसारखा काळा थर बसतो. हे अंगणात करा, आणि प्लास्टिकच्या ब्लेडला करू नका, वितळते. पिस्तुलावर ब्लेड असताना ज्योत जवळ नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

तपासा: जिथे झिरो करणार तिथे उभे राहून ब्लेडच्या दोन्ही कडा आणि वरचे दोन्ही कोपरे सारखेच धारदार दिसतात का. नसतील तर दिवा किंवा उभं राहायची जागा बदला, स्क्रू नाही.

## ६. कुठल्या बाजूला फिरवायचं

सगळ्यात जास्त चुका इथे. नियम एका ओळीचा आहे: रिअर साइट जिकडे सरकते तिकडे मार सरकतो, फ्रंट साइट जिकडे सरकते त्याच्या उलट. मार खाली पडतोय, वर आणायचाय, रिअर साइट वर उचला. फ्रंटची उंच ब्लेड लावली तर मार खाली जाईल.

घोळ होतो तो स्क्रूवरच्या अक्षरांमुळे. क्लबात एखादे बाबा मुलाचं पिस्तूल हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, स्क्रूजवळ नाक नेऊन विचारतात, "सर, एच म्हणजे हाय ना? मार वर न्यायचा म्हणून एचकडे फिरवतो." आणि मार अजून खाली. बऱ्याच जर्मन पद्धतीच्या पिस्तुलांवर ती अक्षरं *मार कुठे पडला* ते सांगतात, कुठे न्यायचाय ते नाही. एच म्हणजे शॉट वर गेला असेल तर इकडे फिरवा, टी म्हणजे खाली गेला असेल तर इकडे. डाव्या-उजव्या अक्षरांचंही तसंच. काही दुसऱ्या कंपन्या नेमकं उलट लिहितात.

म्हणून अक्षरावर जाऊ नका. स्क्रू दोन-तीन वळसे फिरवा आणि ब्लेड वर गेली की खाली, डावीकडे गेली की उजवीकडे, ते कॅलिपरने किंवा साध्या डोळ्यांनी बघा. मग सगळं मूळ जागी आणा आणि वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा: "वरचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने = मार खाली" असं काही. एकदा लिहिलं की जन्मभराचा प्रश्न मिटला.

## ७. तुमच्या पिस्तुलाचा एक क्लिक किती मिलिमीटर

मॅन्युअलमध्ये आकडा असतो, पण तो ठराविक अंतरासाठी असतो, स्वतः मोजलेला बरा. आधी गणिताने अंदाज: टार्गेटवरचा बदल = साइटवरचा बदल × १० मीटर ÷ दोन साइट्समधलं अंतर. समजा अंतर ३३० मिमी, तर साधारण तीसपट. साइट ०.१ मिमी हलली की टार्गेटवर ३ मिमी. पूर्ण एक मिमी हलली तर ३० मिमी, म्हणजे बरोबर मध्याचा दहा थेट सातवर. हे एकदा नीट डोक्यात शिरलं की हात थोडा डुलण्याची भीती कमी होते आणि साइट जुळवण्याचं महत्त्व कळतं.

मग प्रत्यक्ष. नीट दहा शॉट मारा, ग्रुपचा मध्य काढा. एकाच दिशेत दहा क्लिक द्या. *तिथेच* नेम धरून परत दहा शॉट मारा, त्याचा मध्य काढा. दोन मध्यांतलं अंतर भागिले दहा, ही तुमच्या क्लिकची किंमत. उभ्या आणि आडव्या दोन्ही स्क्रूंसाठी वेगळं करा.

थांबा: स्क्रूची दिशा उलटवली की पहिला एखादा क्लिक रिकामा जातो, आट्यात थोडी ढील असते. म्हणून नेहमी एकाच बाजूने शेवट करायची सवय ठेवा. मागे यायचं असेल तर दोन क्लिक जास्त मागे या आणि मग दोन पुढे.

## ८. आता झिरो

नेम कुठे धरणार ते आधी ठरवा. काळ्या गोलाला खालून अगदी चिकटून धरलं तर काळ्या ब्लेडची वरची कड काळ्या गोलात मिसळते, दिसत नाही. म्हणून ब्लेड आणि गोल यांच्यामध्ये पांढरी पट्टी सोडा. केवढी? तुम्हाला ताण न घेता दर वेळी सारखी सोडता येईल तेवढी. मी म्हणेन जरा सढळ ठेवा, कारण बारीक पट्टी टिकवायच्या नादात माणूस टार्गेटकडे बघायला लागतो. काळ्याची खालची कड मध्यापासून २९.७५ मिमी खाली असते, तुमची पट्टी पंधरा मिमीची असेल तर मार नेमाच्या जागेपेक्षा साधारण ४५ मिमी वर पडायला हवा. म्हणून पट्टी बदलली की झिरो बदलतं, आणि म्हणूनच दुसऱ्याने झिरो करून दिलेलं पिस्तूल तुम्हाला कधीच बरोबर लागत नाही.

क्रम असा:

१) अंतर टेपने मोजा. टार्गेटच्या मध्याची उंची फरशीपासून १.४० मीटर. घरी सेटअप करणारे हे अंदाजे ठेवतात आणि मग रेंजवर मार वर-खाली गेला म्हणून ओरडतात.

२) पेलेट एकाच डब्यातले घ्या. ४.४९ आणि ४.५० असे वेगवेगळे मिसळू नका.

३) पाच-सहा शॉट हात गरम करायला, ते मोजायचे नाहीत.

४) दहा शॉट, मध्ये एकदाही स्क्रूला हात नाही. प्रत्येक शॉट सुटताना साइट कुठे होती ते मनात म्हणा, आणि जो शॉट सुटतानाच चुकला असं वाटलं तो मोजणीतून काढा. पण प्रामाणिकपणे, टार्गेट बघितल्यावर नाही.

५) उरलेल्यांचा मध्य काढा. सगळ्यात डावा आणि उजवा यांच्या मधोमध उभी रेघ, वरचा आणि खालचा यांच्या मधोमध आडवी रेघ, एवढं पुरतं.

६) या टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिमी. समजा मध्य दोन रिंग डावीकडे आणि एक रिंग खाली आहे, म्हणजे १६ मिमी आणि ८ मिमी. तुमचा क्लिक २ मिमीचा निघाला असेल तर ८ क्लिक उजवीकडे, ४ क्लिक वर. एकदम पूर्ण द्या, अर्धे-अर्धे देत बसू नका.

७) परत दहा. आता राहिलेला फरक एका क्लिकपेक्षा कमी असेल तर सोडून द्या.

स्क्रू शेवटाला लागला आणि अजूनही मार वर-खाली आहे? तिथे जोर लावू नका, फ्रंटची कमी-जास्त उंचीची ब्लेड लागेल. किती, ते मघाच्या गणितावरून: टार्गेटवर २४ मिमी हवे असतील तर २४ × ३३० ÷ १०,०००, म्हणजे ०.८ मिमीच्या आसपास.

दुसरा दिवस, वेगळी वेळ, पुन्हा दहा शॉट. मध्य तिथेच आला तरच झिरो झालं म्हणायचं.

## ९. स्क्रूला हात लावायचा *नाही* असे प्रसंग

एका शॉटवरून कधीच नाही. उजव्या हाताच्या शूटरचे शॉट सात-आठ वाजण्याच्या दिशेला पसरत असतील, काही चांगले मध्यात आणि काही खाली डावीकडे, तर तो ट्रिगरचा झटका आहे. तो क्लिकने मारलात तर चांगले सुटलेले शॉट आता वर उजवीकडे जाणार. ग्रुप घट्ट असून सरकलेला, तर साइट. ग्रुप पसरलेला, तर माणूस.

पिस्तूल उशीवर टेकवून झिरो करायची एक टूम आहे. पेलेट कुठला चांगला ते बघायला ठीक, पण उभं राहून एका हाताने मारलं की डोळ्याचं अंतर आणि पकड दोन्ही बदलतं, मार दुसरीकडेच पडतो.

मॅचमध्ये तयारी आणि साइटर्सची (गुण न धरल्या जाणाऱ्या शॉटची) १५ मिनिटं मिळतात, त्यात हवे तेवढे शॉट मारता येतात. नवीन रेंजच्या दिव्यात मार थोडा सरकतो, ते तिथेच निस्तरा. मॅच सुरू झाल्यावर ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, मध्य खरंच सरकलाय असं पाच-सहा चांगल्या शॉटवरून दिसलं तर बिनधास्त एक-दोन क्लिक द्या, पण एका आठवरून दिलात तर पुढचा नऊ तुम्हीच विकत घेतलात.

## १०. खूण, वही आणि पावसाळा

झिरो झालं की स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या बॉडीवर एका रेषेत पांढऱ्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका. मग स्क्रू एका टोकापर्यंत किती क्लिक आहे ते *हळू* मोजून वहीत लिहा आणि तेवढेच परत या. कोणी हात लावला, केसमध्ये घासून फिरला, तरी पाच मिनिटांत मूळ जागी आणता येतं.

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली की स्टीलच्या ब्लेडवर चवथीपर्यंत तांबूस ठिपके दिसायला लागतात, किनाऱ्याजवळच्या घरात त्याच्याही आधी. पिस्तूल केसच्या फोममध्ये बंद करून ठेवू नका, फोम ओल धरून बसतो. सुती कपड्यात, कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि पुड्या गुलाबी झाल्या की बदला. मारून झाल्यावर घाम पुसा, ब्लेडवर तेलाचा हलका हात फिरवा. पुढच्या वेळी मारायच्या आधी ते तेल स्पिरिटने पूर्ण काढा, नाहीतर तीच चमक परत, आणि काजळीचा थर गेला असेल तर तो नव्याने द्या. हे सगळं झाल्यावर ठिपके जुळतायत ना ते बघा आणि मगच सिलिंडर चढवा.